उजव्या पंखातली गळती

आमच्या ताईचा राग कायम नाकावर. विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबात ती सत्तावीस वर्षं मेकॅनिक आहे आणि मी, तिची धाकटी बहीण, तिथेच ऑफिसात उड्डाणांच्या नोंदी ठेवते. तिची सही झाल्याशिवाय एकही विमान जागचं हलत नाही. त्या सहीचा तिला केवढा तोरा! तो असावाच, असं परवापर्यंत मीही म्हणत होते.

तीन आठवड्यांपूर्वी दाताच्या डॉक्टरीणबाई तक्रार घेऊन आल्या. बेचाळिसाव्या वर्षी शिकायला आलेली, अतिशय काटेकोर बाई. म्हणाल्या, "उजव्या बाजूला पेट्रोलचा वास येतो. डोकं दुखतं."

ताईने त्यांना सगळ्यांसमोर झाडलं. "पेट्रोलच्या विमानाला पेट्रोलचाच वास येणार. अत्तराचा हवाय का?"

क्लब चालवणाऱ्या साहेबांनी लगेच तिची री ओढली. बाई घाबरल्यात, निमित्त शोधताहेत, म्हणे. त्यानंतर बाईंनी आणखी दोनदा सांगितलं. दर वेळी ताईने पंख तपासला आणि वहीत 'गळती नाही' लिहून सही ठोकली. तिसऱ्या वेळी साहेबांनी बजावलं, "पुन्हा कुरकुर केलीत तर नाव काढून टाकीन."

सोमवारी बाई विमानातून उतरल्या त्या तडक ऑफिसात आल्या. ताई माझ्या टेबलाशी चहा पीत होती. बाईंच्या हातात कापसाचा बोळा होता. सीटच्या वर, छताला असलेलं अस्तर त्यांनी त्याने पुसून आणलं होतं. तो त्यांनी ताईच्या नाकासमोर धरला.

"कसला वास येतोय?"

"कसलाच नाही," ताई म्हणाली.

मी टेबलापलीकडे, चार हातांवर होते. मला पेट्रोलचा भपकारा आला. बाई बोळा तसाच धरून ताईकडे बघत राहिल्या. ताईचा चेहरा खर्रकन उतरला.

चहा तसाच टाकून ती हँगरमध्ये गेली, मागोमाग आम्ही दोघी. पंखातली टाकी तिने काठोकाठ भरायला लावली. आजवर विमान परत आल्यावर, टाकी अर्धी झालेली असतानाच ती तपासत आली होती. मग पंख जिथे विमानाला जोडलेला असतो तिथली पट्टी काढली, आतल्या प्रत्येक जोडावर खडूची भुकटी फासली आणि पंखाचं टोक धरून वरखाली हलवत उभी राहिली. विमानाचं पेट्रोल निळं असतं. चाळीस मिनिटांनी भुकटीत निळी रेघ उमटली. टाकीत पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या काट्याचं रबरी पॅकिंग तडकलं होतं. ते होतं वरच्या अंगाला, म्हणून टाकी भरली की तेवढंच गळायचं आणि बरोबर बाईंच्या डोक्यावरच्या अस्तरामागे झिरपायचं. तिथेच दिव्याच्या तारा. एक ठिणगी पुरली असती!

साहेब आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बघा! ताईंच्या नाकातून काही सुटत नाही."

ताई हाताची भुकटी पुसत राहिली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गळती शोधणारी बाई बाजूला उभी आणि कौतुक हिचं!

"ताई, तू सांगतेस की मी सांगू?"

तिने वही ओढली आणि लिहिलं, 'मला वास येत नाही. तपासणीला दुसरा माणूस लावावा.' विमान सोडायची सही मात्र केली नाही.

साहेब ओरडले, "अहो, हे कशाला लिहिता? नाक काय लायसन्सवर असतं?"

"डोकं तरी कुठे असतं?" ताई फिसकारली. मग बाईंकडे वळली. "भित्री मी होते, बाई. तुम्ही नाही."

घरी जाताना मी विचारलं, "कधीपासून?"

"सहा वर्षं झाली असतील. सांगितलं असतं तर सही गेली असती."

"आणि रोज दारातून आत येताना 'काय वास सुटलाय' म्हणतेस ते?"

"तू दमून रांधतेस. म्हणावं लागतं."

मला तिची कीव यायला हवी होती, पण संतापच आला. कारण सकाळी मी आधी निघते. दूध तापवून, गॅस बंद करून, घर बघून मागून ताई निघते. आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आई असते.

"सहा वर्षं?" मी भर रस्त्यात किंचाळले.

ताईने मान खाली घातली. मी तिच्या हातातली घराची किल्ली हिसकावून घेतली आणि पुढे चालू लागले.