बोटीचं ठाव नसलेले गृहस्थ

मुलांनो, नांदेड स्टेशनासमोर तिकिटं काढून देणारे एक गृहस्थ आहेत. आपला प्रश्न संपायच्या आत त्यांचं "हाव", म्हणजे हो, येतं आणि मागोमाग गाडीची तोंडपाठ वेळ.

अलिबागच्या मावशीआजीचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी मला तिला भेटायचंच होतं.

"अलिबागला बहिणीचं ऑपरेशन आहे. मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे सकाळची बोट," मी म्हणाले.

त्यांनी मुंबईच्या तिकिटाचा फॉर्म भरला. "आजी, बोटीचं मला ठाव न्हाई," म्हणत त्यांनी धक्क्यावरच्या कुणाला तरी फोन लावला. मी पर्स घट्ट धरून उभी.

समुद्र खवळलेला, बोटी बंद. त्यांनी भरलेला फॉर्म फाडला.

"हितूनच लातूरवरून पनवेलला जाणारी गाडी हाय. पुढं एसटी. आपल्याला बहीण गाठायची हाय, समुद्र न्हाई."

मावशीआजीला आत नेण्याआधी पाऊण तास मी तिच्याजवळ बसले.