साहेबाचं ‘अनबेंड’

तंबू गुंडाळताना घडीघडीत गवताच्या काड्या राहून जातात. पुढच्या मुक्कामी तो उघडला, की अंगावर पडतात. आमच्या धारच्या फरासखान्यातले किस्से तसेच. चार म्हातारे फरास पान लावायला बसले, की एकेक घडी उलगडते!

आम्ही दरबारचे तंबू ठोकणारे. एका साली धरमपुरीला नर्मदेकाठी नव्या गोऱ्या साहेबाचा कॅम्प पडला. साहेब खूश झाला तर फरासखाना राहणार. नाहीतर काम महूच्या ठेकेदाराला आणि आम्ही सगळे घरी! ठेकेदार तर कनातींचे नमुने घेऊन कॅम्पावरच येऊन बसला होता.

*

पहिल्याच सकाळी साहेबानं आमच्या वाकड्या मेखांकडे छडी रोखली, म्हणाला, "अनबेंड!" आणि घोड्यावर बसून निघून गेला.

इंग्रजी एकट्या धोंडोपंतांना येई. देवासचे कारकून, साहेबाचं बोलणं सांगायला मुद्दाम मागवलेले. पंतांनी डोळे मिटून शब्दाची फोड केली, "बेंड म्हणजे वाकणं. अन म्हणजे नाही. साहेबाचा हुकूम आहे, वाकू नका!"

संध्याकाळी साहेब परतला. आम्ही मुजऱ्याला रांगेत उभे, पण एक मान खाली जाईल तर शपथ! साहेब लाल होत रांग बघत गेला.

आमचे तुकाराम जमादार ओठ न हलवता म्हणाले, "पंत, हुकूम मेखांना होता वाटतं!"

*

मग पंतांनी अर्थ दुरुस्त केला. वाकडं असेल ते सरळ करा! मेखा ऐरणीवर गेल्या, सरळसोट होऊन आल्या. पण आमचा बापू फरास कामाचा भारी हौशी. त्याला साहेबाची वेताची छडी दाराशी दिसली.

जमादारांनी कपाळावर हात मारला, "अरे भिया, हे काय केलंस?"

"मुठीपाशी पार वाकली होती हो! निखाऱ्यावर शेक शेक शेकली, तेव्हा कुठं वळणावर आली!"

साहेबानं छडी हातात घेतली आणि मूठ शोधत राहिला. ठेकेदार तेवढा हसला.

*

पुढं खानसाम्यानं बातमी आणली. मेमसाहेब म्हणत होत्या, साहेब कधी अनबेंड होतच नाही.

"अरेरे, कंबर धरली असणार!" बापू हळहळला, आणि तिळाच्या तेलाची वाटी घेऊन थेट साहेबाच्या तंबूत शिरला. "लेट जाइए हुजूर, अभी खोल देता हूँ!"

बापू बाहेर आला तो धावतच. मागून वाटी आली!

मेमसाहेबांनी हसत हसत पंतांना समजावलं. पंत येऊन म्हणाले, "अरे, ताठ माणसानं जरा सैल व्हावं, चार शब्द हसून बोलावे, त्यालाही अनबेंडच म्हणतात."

जमादार विचारात पडले. "म्हणजे वाकलेला सरळ झाला तरी अनबेंड, न् ताठलेला सैल झाला तरी अनबेंड? पंत, या लोकांना आपलीच माणसं कळतात तरी कशी हो?"

*

शब्द आमच्यात असा रुळला, की रात्री दवानं तंबूच्या तणाव्यांचे दोर आवळले तर हाक जायची, "अनबेंड करा रे!" बापूची बायको रुसली, की कुणीतरी विचारायचंच, "काय भिया, घरचं अनबेंड झालं का?"

"कुठलं! अजून मलाच शेक बसतोय!"

*

शेवटच्या दिवशी निकाल होता. साहेब खुर्चीत, ठेकेदार बाजूला हात जोडून.

जमादार मुजऱ्याला पुढं झाले, कमरेत खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले! उसण भरली होती. आम्हांला कळलं, पण पुढं कोण होणार? साहेबासमोर हलायची कुणाची छाती!

साहेबानं वाट पाहिली. मग उठला. तंबूच्या खांबासारखा ताठ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, कपाळाला आठ्या. जमादारांच्या पुढ्यात येऊन कडाडला, "अनबेंड, जमादार!"

जमादारांनी वाकल्या वाकल्याच मान तिरपी केली, वर साहेबाकडे पाहिलं, आणि अगदी अदबीनं म्हणाले,

"पहले आप, हुजूर!"

साहेबाच्या मिशा थरथरल्या. मग त्याला खांब धरावा लागला, इतका तो हसला. गळ्याचं बटण तुटून सतरंजीवर घरंगळत गेलं.

महूचा ठेकेदार मुकाट्यानं आपले नमुने गोळा करू लागला.