आरारोट उकडलं तो दिवस

पोटाच्या मोठ्या दुखण्यातून अण्णा, म्हणजे माझे वडील, बरे झाले. पण भूक काही परत आली नाही. वर्षभरात त्यांनी तोंडानं कधी काही खायला मागितलं नव्हतं. आरारोटची लापशी समोर धरली तर तेवढे दोन चमचे पोटात जायचे. त्यातही दुकानातल्या पुड्यात मक्याचं पीठ मिसळलेलं असतं, असा आईला संशय. माझं डोकं फिरलं. म्हटलं, घरचंच लावतो.

कोकणातल्या पाहुण्यांकडून कंद आणले आणि ईट गावातल्या आमच्या रानात हळदीशेजारी दोन सऱ्या लावल्या. पानं हळदीसारखी, पाणीही हळदीसारखंच द्यायचं. मला वाटलं, यातलं सगळं आपल्याला कळतं! माघात पानं पिवळी पडून लोळली तेव्हा खणलं. पांढरेशुभ्र, खवल्यांचे, वीतभर कंद निघाले. बघून जीव सुखावला.

हळद काढली की आधी उकडायची, मग वाळवायची, ही हाताची सवय. हळदीसाठी चुलवाण पेटलेलंच होतं, वर मोठ्या काहिलीत पाणी उकळत होतं. बेण्यापुरते कंद बाजूला ठेवून बाकी सगळे मी धुऊन काहिलीत ओतले.

आई भाकरी घेऊन रानात आली, काहिलीत डोकावली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"आरं, ह्ये कच्चं कुटून पाण्यात कालवायचं असतंय. तळाला पांढरं बसतंय, ते वाळवायचं. आता शिजल्यावर काय बसणार, तुझं डोस्कं?"

दहा महिन्यांची मेहनत मी एका उकळीत घालवली होती. इतका राग आला, की काहिलीला लाथच घालणार होतो. तापलेली होती म्हणून वाचली. खरं सांगायचं तर रडू येत होतं.

बाभळीखाली बाजेवर बसलेल्या अण्णांनी विचारलं, "काय झालं रं?"

"तुमचं आरारोट घालवलं म्या," मी म्हणालो.

ते काठी टेकत आले. मी आधीच उकडून पाटीत निथळत ठेवलेल्यांतला एक कंद उचलला, फुंकर मारली, खवले सोलले आणि उसासारखा चावून चोथा थुंकला. मग दुसरा उचलला. आम्ही दोघं बघतच राहिलो. तिसरा सोलता सोलता ते वैतागले.

"लई आळणी लागतंय. मीठ न्हाय व्हय तुमच्याकडं? अन् एखादी मिरची आणा की."

आई चपला न घालताच घराकडं पळाली.