रंभाबाईचं हाटेल, साहेबांचं हॉटेल

आमच्या मुळशीत हाटेल म्हणजे चूल, कळकट किटली, भज्यांची परात आणि रंभाबाईची जीभ. चौसष्ट साली धरणाच्या तळ्याच्या वाटेवर एवढं एकच हाटेल होतं. नवरा गेल्यावर बाईनं ते एकटीनं चालवलं, आणि भज्यांपेक्षा शिव्याच जास्त तळल्या.

त्या वर्षी पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा साहेब मोटारीतून उतरला. गळ्यात टाय, अंगाला घाम. म्हणाला, इथे तळ्याकाठी नऊ मजली हॉटेल होणार आणि शेजारी श्रीमंतांसाठी ओनरशिपचे ब्लॉक. सरपंच भिवाजी खुळ्यागत बघतच राहिला. "नऊ मजलं? आवो, वर नेईस्तवर च्या निवंल की!" ब्लॉकमध्ये संडास घरातच असतो हे कळल्यावर तर बाया तोंडाला पदर लावून पळाल्या. पण साहेबानं 'प्रगती' हा शब्द काढला आणि भिवाजीची छाती फुगली. त्याला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता असं मला तरी वाटत नाही.

घोडं अडलं ते फाटकापाशी. फाटकाला लागणारी जागा नेमकी रंभाबाईच्या हाटेलाची. सासऱ्याचं गाव तळ्याखाली गेलं तेव्हा हाती उरलेला तेवढाच तुकडा. तो दिला तर बाईनं जायचं कुठं? भिवाजी म्हणाला, "वैनी, साहेब तुमाला नव्या हाटेलात घेत्यात. आता आडमुठेपणा करू नगा."

बाई खूश झाली हो! आपण गल्ल्यावर बसणार, असंच धरून चालली. साहेब पुढच्या खेपेला पुठ्ठ्याचं हॉटेल घेऊन आला तेव्हा बाई ठेवणीतलं लुगडं नेसून उभी. साहेबानं ते बाकावर मांडलं. पुठ्ठ्याची झाडं, पुठ्ठ्याच्या मोटारी. सगळं गाव वाकलं.

"ह्यात माझा गल्ला कुटं?" बाईनं विचारलं.

साहेबानं इमारतीच्या पाठीमागं बोट ठेवलं. "तुम्ही इथे. भांडी घासायला बायका लागतीलच."

बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला वाटलं, आता रडते. रडते कसली!

"मागं तळं केलं तवा म्हनले, ईज येनार. ईज गेली मम्हईला, आमच्या घरात आजून चिमनी! आता हाटेल माझ्या जागंत, आन मी मोरीत? उचल तुजं खोकं. भजी तळायचीत मला."

साहेब गेला तो गेलाच. कंपनीनं दुसरीकडं जागा बघितली म्हणे. गावात ही बोंब उठली, बाईनं गावाचं वाटोळं केलं! सगळ्यात मोठा आवाज भिवाजीचा. वर्षभर तो रोज हेच ओरडत होता, रंभाबाईच्या बाकावर बसून, तिचीच भजी चापत. बसायला दुसरं हाटेल होतं कुठं, कपाळ!