ढालीवरचं उघडं दार

गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सकाळी, माझ्या शेजारच्या ताईला लेकीसकट घर सोडायला सांगितलं. घर नगरपालिकेचं. इमारत दुरुस्तीला काढायची होती. बाकीच्या बिऱ्हाडांना दुसरी घरं मिळाली. ताईला नाही. का, तर तिची विद्यापीठातली नोकरी ठरावीक मुदतीची!

माझं टाळकंच सरकलं. कारण आमच्या या छोट्या जर्मन शहराचं मानचिन्ह काय, तर ढालीवर उघडं दार. बसवर तेच, कचऱ्याच्या डब्यावरही तेच. पूर्वी कधी नदीपलीकडचं गाव जळालं, माणसं उघड्यावर आली, तेव्हा इथल्यांनी वेशीचं दार उघडून त्यांना आत घेतलं, वस्तीला जागा दिली. म्हणून ते दार, आणि म्हणून त्याला कडी नाही. हे मी सांगत नाही, राटहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीच्या, भिंतीवरची पाटी सांगते.

मग मी पत्रक काढलं. वर ते दार, खाली प्रश्न: 'कुणासाठी उघडं?'

ताई म्हणाली, "अरे, हे छापायला परवानगी लागत असेल. जर्मनी आहे ही."

"शहराचं चिन्ह म्हणजे आपलंच की, ताई!" आपल्याकडे फ्लेक्सवर काय वाट्टेल ते छापतात, कोण विचारतं?

इथे विचारतात. राटहाउसमध्ये ताईच्या घरासाठी महत्प्रयासानं भेट मिळाली होती. तिथल्या बाईंनी ती सगळी माझ्या पत्रकावर घालवली. "हे चिन्ह फक्त प्रशासनानं वापरायचं. पत्रकं काढून टाका."

"काढतो. आणि घराचं?"

"तो वेगळा विषय."

"मग या दाराला अर्थ काय?"

"ऐतिहासिक," त्या म्हणाल्या.

ताई आणि लेक सोबतच होत्या. लेक घरीसुद्धा जर्मनच बोलते. तिनं आईला विचारलं, "मग आपण झोपायचं कुठे?" बाईंना शब्दन् शब्द कळला. त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

पत्रकं मी खांबाखांबावरून ओरबाडून आणली. ताईचं सामान खोक्यांत आहे. या महिनाअखेरीला किल्ली परत करायची. पत्ता नाही तर सरकारदरबारी रहिवासाची नोंदणी नाही, नोंदणी नाही तर व्हिसा वाढत नाही. मला आता काही सुचत नाही, खरंच नाही.

म्हणून तुम्हाला विचारतो. या शहरात तुमच्याकडे एक खोली रिकामी असेल तर ती ताईला द्या, नोंदणीसकट. 'बघतो, कळवतो' नको. कधीपासून देताय, ते आज सांगा.