बीत्सूबाईंची हाक

तैवानातल्या ताइनानमध्ये मी ज्या खोलीत म्हातारा होत आलो, तिच्या खालीच बीत्सूबाईंचं माशाच्या पेजेचं दुकान होतं. पहिल्याच सकाळी गिऱ्हाइकांनी मला शिकवलं, "नुसतं वाडगं पुढे करू नका, 'आ-ई' म्हणा." इथल्या बोलीत आ-ई म्हणजे मावशी, आणि जरा वय झालेली कुठलीही बाई सगळ्यांची मावशीच. मी सांगलीचा. मीठ मागायला परक्या बाईला आई म्हणायचं, जीभ उचलेना! पोट मात्र लवकर शिकलं.

दोनच अक्षरं, पण ती कुठे काय होऊन बसतील सांगता येत नाही. बाईंच्या वडिलांचं शिक्षण जपानी अमदानीतलं. त्यांच्या लेखी 'आई' म्हणजे प्रेम, आणि ते बायकोला चुकूनही तसं म्हणाले नाहीत. इंग्रजीत तोच आवाज डोळा होतो, नाहीतर मीपणा. आमच्या मराठीत ती आली कुठून, यावर पंडितांचं अजून भांडण चालू आहे. पोरं तोवर हाका मारून मोकळी होतात.

दुकानात बुनहोक नावाचा एक दांडगा पुरुष मासे सोलायचा. तोही बाईंना 'आ-ई'च म्हणायचा, म्हणून मी त्याला भाचा समजत होतो. एकदा गमतीनं म्हटलं, "मावशी फार राबवते हो तुम्हाला."

"मावशी कसली? मी पोटचा आहे तिच्या," तो म्हणाला आणि पुढचा मासा घेतला.

तो जन्मला तेव्हा ज्योतिषानं सांगितलं होतं, पोराची वेळ आईच्या मुळावर आहे. 'आ-बू' म्हणजे आपली आई, ती हाक त्यानं मारली की आईचं आयुष्य खुंटणार. तोडगा तसा सोपा. तिला मावशी म्हणायचं, म्हणजे हिला मूलच नाही असं दैवाला वाटतं. इकडे अशी घरं मी आणखीही पाहिली. लहानपणी बुनहोक चुकून 'आ-बू' म्हणाला, तर आजीनं त्याच्या जिभेवर तिखट ठेवलं होतं. बीत्सूबाई तेव्हा दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. "तेवढं एकदाच ऐकलं," त्या हसत सांगत, "तेही रडक्या आवाजात."

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली आणि ती यकृतापर्यंत पसरली. डॉक्टर मुलाशीच बोलत. बाईंशी बोलायचं टाळू लागले, तेव्हा त्यांना कळायचं ते कळलं. मी दवाखान्यात गेलो तर मायलेकांचं भांडण रंगलेलं.

"माझं मरण पोटात आहे रे मेल्या, तुझ्या जिभेवर नाही. म्हण एकदा."

"आ-ई, गप पड. मी म्हटलं आणि तू आजच गेलीस तर?"

"आज काय, परवा काय! माझ्या बहिणीच्या पोरी मला आ-ई म्हणतात, गिऱ्हाईक म्हणतं, हे वरचे सांगलीवालेसुद्धा म्हणतात. त्यांच्यातला माझा कोण?"

बुनहोक धुतलेलंच वाडगं पुन्हा धुवायला लागला. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "बाई, आमच्याकडे आईला आईच म्हणतात. म्हणजे तो जन्मभर तुम्हाला बरोबरच हाक मारतोय."

त्या खोकला येईपर्यंत हसल्या. "ऐकलंस? यांच्या भाषेत तू मला आई म्हणतोस."

"हो ना. दैवाला ती भाषा येत नाही," तो म्हणाला.

"मलाही येत नाही," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. माझा विनोद तिथेच मेला. बाईंना जायला आणखी तीन दिवस लागले. तेवढ्यात बुनहोकनं पाय चेपले, पेज भरवली, कूस बदलली. ती हाक मात्र मारली नाही.

इथे प्रेत भट्टीत सरकवताना घरच्यांनी ओरडून सांगायचं असतं, आग आली, पळ! म्हणजे जीव भाजत नाही, वेळेत निसटतो. पहिली हाक मुलाची.

विधी सांगणारा माणूस बुनहोकला म्हणाला, "मोठ्यानं, दादा. कोण बोलावतंय ते तिला कळायला हवं."

बुनहोकनं तोंड उघडलं. मग निघालं ते नेहमीचंच, "आ-ई, आग आली! पळ!" मागून भाच्या ओरडल्या, "आ-ई, पळ!" शेजारी ओरडले, मीही ओरडलो. त्या गलक्यात पोटचा आवाज कुठला ते मला कळलं नाही. बाईंना कळलं असेल का, कोण जाणे.

लोखंडी दार बंद झालं. आत घरघर सुरू झाली. लोक चपला शोधू लागले.

बुनहोक दाराजवळ गेला. "आ-बू," तो म्हणाला. नवीन शिकलेला शब्द म्हणावा तसा. मग जरा मोठ्यानं, "आ-बू!" मग थांबेचना.

विधीवाल्यानं त्याचा दंड धरला. "दादा, उशीर झाला. आत आता कोणी नाही."

"माहीत आहे," बुनहोक म्हणाला. "म्हणून तर म्हणतोय."