पास झालेली डिस्क

"जुनं सगळं पुसून टाक, आत्ताच्या आत्ता!" आमच्या पाणीसंस्थेचे चेअरमन, म्हणजे रिटायर सुभेदार, असे ओरडले की पंपहाऊसवरची कबुतरं उडाली ती थेट रहिमतपुरात जाऊन उतरली.

मी संस्थेचा एकुलता एक ऑपरेटर. कॉम्प्युटर सकाळपासून पेंगत होता. उद्या उसाला पाणी सुटणार, आणि कुणाच्या रानात किती वाजता पाणी, त्या पाळीच्या चिठ्ठ्या अजून छापायच्या होत्या. सांगलीच्या दुकानदारानं फोनवर निदान केलेलं, डिस्क भरली आसंल, जुनं काढा. जुनं म्हणजे नऊ वर्षांच्या पाळ्यांच्या नोंदी. पाइपलाइनीच्या पार शेवटाला ज्यांची रानं आहेत, त्यांच्याकडं आपला हक्क दाखवायला दुसरा पुरावाच नाही.

म्हैस रस्त्यात बसते तसा मी कीबोर्डवर हात पसरून बसलो. डिस्क किती भरलीय ते सांगणारी डीएफ कमांड मारली. डिस्क निम्मीसुद्धा भरली नव्हती.

"सुभेदारसायेब, कणगी अर्धी रिकामी हाय. भरली न्हाई, तळाला किडली आसंल."

मग डिस्कची तब्येत विचारणारी दुसरी कमांड, स्मार्टसीटीएल. वरच्याच ओळीत इंग्रजीत लिहिलेलं, पास. सुभेदारांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"पास हाय की रं. उगं कशाला भ्या दावतोस?"

"मेडिकलात तुमीबी पासच व्हता. जिना कवा चढला शेवटचा?"

खालच्या आकड्यांत खरी गोम होती. वाचता न येणाऱ्या जागा, जिथं शून्य हवं, तिथं चारशेच्या वर. पुन्हा कमांड मारली, तेवढ्यात आणखी वाढल्या. या बिघाडाचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. खंडेनवमीला आम्ही विळ्या-कोयत्यांच्या पंगतीत कॉम्प्युटरही पूजतो, आणि गेल्या खेपेला सुभेदारांनी नारळ चालू कॅबिनेटवरच फोडला होता. तोही एका दणक्यात नव्हे, तिसऱ्या. हे मी तोंडावर सांगितलं. आमी तोफेवर फोडायचो, तोफ कधी बिघडली न्हाई, म्हणाले. वर कामावरून काढायची धमकी दिली. काढा म्हटलं, पण कॉपी झाल्यावर.

बाहेरची डिस्क जोडली आणि आधी पाळ्यांच्या फाइली कॉपीला लावल्या. आतली डिस्क अशी कण्हत होती, जणू उसाची ट्रॉली खंबाटकीचा घाट चढतेय. सुभेदार दर पाच मिनिटांनी नवा हुकूम सोडत होते. चार तास मी खुर्ची सोडली नाही, लघवीलासुद्धा नाही. शेवटची फाइल पोचली, ती मी उघडून पडताळली, आणि दहाव्या मिनिटाला डिस्कनं टकटक करत जीव सोडला.

मी मागं रेललो. अख्ख्या तालुक्याची तहान मी एकट्यानं वाचवली होती; कमी सांगतोय, हवं तर दोन तालुके धरा.

"आता बोला. पुसलं आसतं तर?"

सुभेदारांनी टोपी नीट केली.

"घरचा लॅपटॉप आण. चिठ्ठ्या राहिल्यात."